काचेची कोरडी बाजू

कचेरीच्या तळमजल्यावर नुकत्याच पुसलेल्या फरशीवर कुणाचं तरी अनवाणी पाऊल उमटलं होतं. त्यावर आपला बूट पडू नये म्हणून तो झटकन बाजूला सरला आणि त्याने काचेच्या दारावर कपाळ आपटून घेतलं. आवाज चांगलाच झाला. दारावरचा पहारेकरी उठून उभा राहिला, लिफ्टपाशी थांबलेल्या दोघींनी तोंड फिरवून हसू दाबलं, आणि फरशी पुसणारी बाई, जिचं ते पाऊल होतं, म्हणाली, "काका, दार दिसलं नाही का?" "दार दिसलं होतं," तो म्हणाला, "पण पाऊल मध्ये होतं." बाईने खाली स्वतःच्याच पावलाकडे बघितलं आणि हातातल्या फडक्याने एका फटक्यात ते पुसून टाकलं. कपाळ ठणकत होतं, पण ते त्यापुढे काहीच नव्हतं. ठशावर पाय द्यायचा नाही. ठसा पुसायचा नाही. ठसा आपल्या आणि सूर्याच्या मध्ये ठेवून त्याच्या कडेकडेने चालायचं. हे अंगात इतकं मुरलं होतं की चार वर्षं शहरात बसून काढली तरी पाय ऐकत नव्हते. लिफ्टमध्ये त्याने आरशात बघितलं, तर कपाळावर लाल टेंगूळ आलेलं. दोन महिन्यांनी निवृत्त होणाऱ्या माणसाला शोभत नव्हतं, पण वाईटही दिसत नव्हतं.

चौथ्या मजल्यावरची खोली अभयारण्याचीच होती, फक्त अभयारण्य तिथून ऐंशी किलोमीटर लांब होतं. तिथल्या झाडांना बांधलेल्या एकशे बारा कॅमेऱ्यांनी काढलेली चित्रं रोज सकाळी त्याच्यापुढच्या पडद्यावर येऊन पडत. आठशे, नऊशे, कधी हजार. प्रत्येक चित्र बघायचं आणि तीनपैकी एक कळ दाबायची: प्राणी, माणूस, काही नाही. बहुतेक चित्रं काही नाहीचीच असत. वाऱ्याने गवत हललं, कॅमेऱ्याला वाटलं कुणी आलं. खोलीतली बाकीची दोघं तिशीच्या आतली. ती अशा चित्रावर पापणी लवायच्या आत कळ दाबून पुढे जात. तो मात्र थांबे. काही नाही कसं? हा तर घळीतला दगड, याच्यावर बसून आपण डबा खाल्ला. ही वाट पूर्वी अशी नव्हती, या वळणावर पाणी असायचं. मग शेजारचा म्हणे, "काका, गवत आहे ते," आणि तो मुकाट्याने कळ दाबी. तरी पूर्वी कसं छान होतं म्हणणाऱ्यांच्या कंपूत तो कधी शिरला नाही. गुडघ्याने दगा दिला तेव्हा त्याला भांडारात केरसुण्या मोजायला बसवलं असतं तर कोण काय करणार होतं? त्याऐवजी कुणाच्या तरी मनात आलं, की याला जंगल माहीत आहे, याला चित्रांसमोर बसवा. त्या कुणाचे तरी उपकार तो रोज खुर्चीत बसताना मानत असे, अगदी ओठांतल्या ओठांत. चौतीस वर्षांत जी जनावरं त्याला पाठमोरी दिसली ती आता समोरून बघत, जांभया देत, कॅमेऱ्याला नाक लावून हुंगत. हे पायी फिरून मिळालं नसतं.

नोकरी तीच राहिली, वनरक्षकाची, पण तिच्यातलं काम चार-पाचदा बदललं. लागला तेव्हा हातात काठी आणि गळ्यात शिट्टी. काम एकच, नाही म्हणायचं. तोडू नका, पेटवू नका, गुरं आणू नका. कडेच्या वस्तीतली माणसं त्याला बघून वाट बदलत. पुढे मोजणीचे दिवस आले, ठसे आणि तक्ते; पंजा आधी काचेवर गिरवायचा, मग काचेवरून तक्त्याच्या कागदावर. मग एका वर्षी वरून हुकूम आला की लोकांना बोलवा. ज्याने दहा वर्षं माणसं हाकलली त्याने डोक्यावर टोपी घालून "या, बसा, हात आत ठेवा" म्हणायचं. सात हंगाम तो जीपमध्ये उभा राहून दिवसातून दोनदा तोच विनोद करत होता आणि लोक दोन्ही वेळा हसत होते. नंतर वॉकीटॉकी आली, तिच्यामागून फोन आला. फोनमध्ये नकाशा, नकाशात एक ठिपका, आणि तो ठिपका म्हणजे आपण. तू कुठे आहेस हे तुझ्याआधी साहेबांना कळायचं. झाडाखाली पाच मिनिटं टेकावं तर लगेच विचारणा. आणि आता हा पडदा. प्रत्येक वेळी त्याला वाटलं होतं की हे आपल्याला जमणार नाही, आणि प्रत्येक वेळी जमलं. याचं श्रेय तो स्वतःला देत नसे. शिकायचं कसं हे त्याला एका माणसाने शिकवलं होतं, आणि त्या माणसाचा मोठा केलेला फोटो खाली प्रशिक्षणाच्या दालनात लावलेला होता. फोटोत तात्या उकिडवे बसलेले, हातात ठसा उतरवायची काच, डोळे जमिनीवर. फोटो काढणाऱ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. तात्या जाऊन अकरा वर्षं झाली. दालनाला त्यांचंच नाव दिलेलं आहे.

अकराच्या सुमाराला पलीकडच्या टेबलावरून ताईने हाक मारली. ताई म्हणजे संशोधन करणारी, वयाने त्याच्या मुलीएवढी, पण सगळे तिला ताई म्हणत म्हणून तोही म्हणे. गेले सहा महिने ती मोजणीचे जुने तक्ते पेट्यांतून काढून, झटकून, संगणकात घालत होती. "काका, कपाळाला काय झालं?" "दार आडवं आलं." "बरं, बसा. तुमच्या काळातली एक गंमत दाखवते." तिने पडद्यावर दोन तक्ते शेजारी शेजारी लावले. "ही डावी. बिबळ्याची मादी. मागच्या डाव्या पायाचं बाहेरचं बोट नाही, बहुतेक सापळ्यात गेलेलं. नऊ वर्षं दर मोजणीत सापडते. आणि ही उजवी. हिच्या मागच्या उजव्या पायाचं बाहेरचं बोट नाही. ही एकदाच सापडली, एकच ठसा. पुढे सहा वर्षं 'दिसली नाही', मग नाव कमी केलं." तो मान डोलावत होता. उजवीला तो कसा विसरेल? तिचा ठसा त्यानेच पहिल्यांदा बघितला होता. "आता बघा हं," ताई म्हणाली आणि तिने एक कळ दाबली. उजवीचा तक्ता वहीचं पान उलटावं तसा उलटला, सरकत सरकत डावीच्या तक्त्यावर गेला आणि तिथे तंतोतंत बसला. तळव्याच्या गादीवरची बारीक चीरसुद्धा चिरेवर बसली. "एकच मादी होती काका. कुणीतरी काच उलटी धरून उतरवलं, आणि जंगलात एक बिबळी वाढली. खाली सही बघा कुणाची आहे." सही तात्यांची होती, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढलेली. "दुपारी तीनला नव्या रक्षकांचा वर्ग आहे. तीस जण आहेत, साहेब पण येणार आहेत. मी याच तक्त्याने सुरुवात करणार आहे. ज्यांच्या नावाच्या दालनात बसलात तेसुद्धा असे चुकायचे, म्हणून कॅमेरे आले. पटकन पटेल त्यांना." तिच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. तिला तात्या माहीतच नव्हते.

त्याला पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. मग शाईचा वास आला. इथे या थंड खोलीत, जिथे कागदसुद्धा कुणी हातात घेत नाही, तिथे त्याच्या नाकात जाड पेनाच्या शाईचा उग्र वास भरला आणि त्याच्यामागून ती पहाट आली. नोकरीचं पहिलं वर्ष, कायम होण्याआधीचा परीक्षेचा काळ संपायला दोन महिने उरलेले. घळीच्या वरच्या अंगाला ओल्या मातीत त्याला एकट्याला तो ठसा सापडला होता. चारी कोपऱ्यांना चार खडे मांडून त्याने काच ठशावर बोटभर उंच ठेवली, वरून सरळ खाली बघत, श्वास रोखून, पंजाची रेघ ओढली. दव इतकं पडत होतं की शाई वाळेना. काच उराशी धरून तो चौकीत आला, खिडकीला टेकवली, आणि तक्त्याचा कागद तिच्यावर धरणार, तर शाई अजून ओली. फरकटली असती. सगळी मेहनत पाण्यात गेली असती. म्हणून त्याने काच फिरवली आणि कागद कोरड्या बाजूला लावला. पलीकडून उजेड येत होता, रेघा स्वच्छ दिसत होत्या. किती सुरेख उतरला म्हणून तो स्वतःवरच खूश झाला होता. कोरड्या बाजूने बघितलं की डावं ते उजवं होतं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. कागदावर जे दिसलं त्यावरून त्याने ठळक अक्षरात लिहिलं, मागचा उजवा. चौतीस वर्षांत एकदाही त्याला ही गोष्ट आठवली नव्हती. "काका?" ताईने विचारलं. "बघून सांगतो," तो म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. त्यानंतरच्या अर्ध्या तासात त्याने एक सांबर, एक साळिंदर आणि फेरीवरचे दोन रक्षक यांच्यावर काही नाहीची कळ दाबली. शेजारच्याने ते गुपचूप दुरुस्त केलं.

जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन गच्चीवर गेला. पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक मोडकी खुर्ची असे, ती त्याचीच समजली जाई. खाली रस्त्यावर गाड्या एकामागे एक उभ्या होत्या. डबा उघडला, पण घास तोंडापाशी जाईना. चूक आपली, आणि सही तात्यांची. मनाच्या एका कोपऱ्याने हळूच म्हटलं, मग झालं तर, कागद सांगतोय ते खरं. दोन महिने राहिले आहेत. निरोपाच्या दिवशी साहेब वाचून दाखवणार, सेवेत एकही चूक नोंदलेली नाही. बायकोने ते आत्तापासूनच सगळ्या नातलगांना फोनवर सांगून टाकलेलं. "चौतीस वर्षं, एक डाग नाही," असं म्हणून ती पुढे म्हणे, "घरात मात्र एक शर्ट धड ठेवत नाहीत." गेलेल्या माणसाला काय फरक पडतो? पण तीस कोवळी पोरं तात्यांच्या फोटोखाली बसून तात्यांना हसणार, हे डोळ्यांपुढे आलं आणि त्याने डबा मिटला. आणि मिटता मिटताच त्याला दुसरं काहीतरी टोचलं. सही. त्या तक्त्यावर सही तर त्याने स्वतः केली होती. आयुष्यातला पहिला तक्ता, सही करण्याआधी त्याने ती रद्दीवर चारदा गिरवून बघितली होती. मग ती गेली कुठे? आणि 'मागचा उजवा' हे अक्षर, पडद्यावर बघितलेलं, ते गोल, सावकाश, प्रत्येक वेलांटी पुरी केलेलं अक्षर, ते तरी त्याचं कुठे होतं? त्याचं अक्षर म्हणजे आजही गिचमिड.

तो तक्ता त्याचा नव्हताच. त्याच्या तक्त्यावरून तात्यांनी दुसरा काढला होता.

तेव्हाचे साहेब कडक होते. मोजणीत घोळ घालणाऱ्याला ठेवणार नाही असं त्यांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं, आणि त्याच वर्षी खालच्या चौकीवरचे दोघे नवे रक्षक एका चुकीच्या आकड्यापायी घरी गेले होते. आकडा तर वर कळवून झालेला, पायाला अधू माद्या दोन. तक्ते आठवड्याने जायचे होते. त्या आठवड्यात कधीतरी तात्यांनी तो बघितला असणार. तात्या ठसा नुसता बघत नसत, त्याच्यासमोर आपला तळहात धरून बघत, डावा धरत, मग उजवा. त्यांना कळायला वेळ लागला नसणार. दुरुस्त करावा तर विचारणार, कुणी काढला? म्हणून त्या माणसाने, ज्याने जन्मात कधी खोटी रेघ ओढली नाही, दिव्यापाशी बसून एक चुकीचा ठसा जसाच्या तसा, मुद्दाम चुकीचा, आपल्या सुंदर अक्षरात उतरवला, खाली स्वतःची सही केली आणि त्याचा तक्ता चुलीत घातला. म्हणजे उद्या कुणी पकडलंच तर चूक तात्यांची. हे सगळं त्याला गच्चीवर, उन्हात, चौतीस वर्षांनी कळलं. आणि तात्या एक शब्द बोलले नाहीत. त्या वर्षी नाही, नंतर कधीच नाही. फक्त त्याच आठवड्यात एकदा चहा पिता पिता म्हणाले होते, "काचेवर एका कोपऱ्यात आपलं नाव लिहीत जा रे. वाचता आलं तर काच सुलट." त्याला वाटलं होतं, काच हरवू नये म्हणून सांगताहेत. तेव्हापासून त्याने प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात नाव लिहिलं. पुढच्या पोरांनाही लिहायला लावलं. आणि का ते त्याला कधी कळलं नाही.

आणि ते सहा हिवाळे. पुढच्या सहाही मोजण्यांत तात्या त्याला घेऊन घळीच्या वर, पार कड्यापर्यंत जात. उजवीला शोधायला. दोन दिवस जायला, दोन दिवस यायला. बाकीचे रक्षक हसत, म्हणत की एका बिबळीसाठी म्हातारा पोराला पिदडतोय. त्या वाटेवर त्याने काय नाही शिकलं. दगडावरून गेलेलं जनावर गवतात कसं हुडकायचं, ठशात पाणी किती साचलं त्यावरून वेळ कशी सांगायची, माकड खोटं कधी ओरडतं, आणि वस्तीतल्या माणसाला नाही म्हणायचं तर आधी त्याच्या घरचं पाणी प्यायचं. दरवर्षी कड्यावर पोचलं की तात्या गुडघे धरून बसत, सगळीकडे डोळे फिरवत आणि म्हणत, "नाही सापडली. बरं झालं. पुढच्या साली यायला निमित्त राहिलं." आणि तक्त्यावर लिहीत, दिसली नाही. ते खरंच होतं. खोटं त्यांनी एकदाच लिहिलं, पुन्हा नाही. जे जनावर नाही हे ठाऊक आहे त्याच्यामागे तो माणूस सहा हिवाळे दुखऱ्या पायांनी चढला, आणि ज्याच्या चुकीतून ते जनावर जन्माला आलं त्याला रक्षक करून खाली घेऊन आला. गच्चीवर कुणी नव्हतं म्हणून बरं. त्याने डोळे पुसले ते शर्टाच्या बाहीने, आणि बाहीला डब्यातलं तेल लागलेलं होतं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला, जेवलात का म्हणून. त्याने तिला सगळं सांगितलं, काच, दव, शाई, सही. फोनवर इतका वेळ तो कधी बोलत नसे. सगळं ऐकून ती म्हणाली, "अहो, हे आपल्या लग्नाआधीच्या हिवाळ्यातलं ना?" "हो." "म्हणजे तेव्हा नोकरी गेली असती तर माझ्या बाबांनी तुम्हाला दारात तरी उभं केलं असतं का?" त्याने हा विचार केलाच नव्हता. घर, मुलगी, ती परवा बोलायला लागलेली नात, सगळं त्या एका कागदावर उभं होतं, आणि कागद चुकीचा होता. "आता काय करू?" त्याने विचारलं. "मला काय विचारता? न सांगता घरी आलात तर रात्रभर कूस बदलत बसाल, मला झोपू देणार नाही. सांगून टाका. डागाचं मी बघते. शर्टांचे बघतेच आहे." मग म्हणाली, "तात्यांना आपण एकदा जेवायला बोलावलं होतं, आठवतं? मीठ जास्त पडलं होतं माझ्या हातून. दोनदा मागून घेतलं त्यांनी."

पावणेतीनला तो ताईच्या टेबलाशी गेला आणि उभ्यानेच म्हणाला, "ताई, तो उजवीचा ठसा मी काढला." ताईने मान वर केली. "काका, सही त्यांची आहे." "सही त्यांची. ठसा माझा. शाई ओली होती म्हणून मी कागद काचेच्या कोरड्या बाजूला लावला." "पण अक्षरसुद्धा त्यांचंच आहे." इथे तो जरा अडला. तात्यांनी जे जन्मभर झाकलं ते आज उघडं करायला हवं का? "माझं अक्षर वाचवत नाही," तो म्हणाला, "त्यांनी नक्कल काढून दिली." यातला शब्द न् शब्द खरा होता. ताई हुशार मुलगी, तिला बरंच कळलं असावं. "मग मी हा तक्ता काढून टाकते ना," ती हळू आवाजात म्हणाली, "वर्गात दुसरं काहीतरी दाखवते. तुमचे दोनच महिने राहिलेत." "काढू नका. दाखवा. नाव माझं घाला. आणि मला पाच मिनिटं द्या, ही चूक कशी होते ते त्यांनी बघायला पाहिजे." ताईने दुरुस्तीचा रकाना उघडला आणि त्याचं नाव टाइप केलं. आपलं नाव चुकीपुढे उमटताना बघून त्याला किती हलकं वाटलं याचं त्यालाच नवल वाटलं. मग तो जिना उतरून खाली गेला आणि फरशी पुसणाऱ्या बाईकडून खिडकीच्या काचेचा एक फुटका तुकडा मागून घेतला. "सांभाळून हं काका," बाई म्हणाली, "सकाळीच काचेशी भांडण झालंय तुमचं."

दालनात तीस जण बसले होते, नव्या कोऱ्या गणवेशात, कमरेला फोन. साहेब कोपऱ्यात. वरती तात्या, डोळे जमिनीवर. त्याने काच हातात धरली, पेनाने तीन बोटांचा पंजा काढला, आणि ओली शाई दाखवत विचारलं, "आता कागद कुठल्या बाजूला लावाल?" तीसच्या तीस जण म्हणाले, कोरड्या. साहेबांचाही हात तिकडेच गेला होता. तेव्हा त्याने कागद लावला, उतरवला, दोन्ही शेजारी धरले, आणि दालनात एक हलकीशी कुजबुज झाली, हसू कुणालाच आलं नाही. "ही चूक माझी आहे," तो म्हणाला, "तात्यांची नाही. तुमच्या हातात काच येणार नाही. पण घाई असते, भीती असते, आणि कोरडी बाजू प्रत्येक कामात असते." साहेब काहीतरी लिहून घेत होते. लिहू देत. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. तिचे बूट चिखलाचे होते, म्हणजे ती सकाळी कुठेतरी मातीतून चालून आली होती, हे त्याने आधीच हेरलं होतं. "पण सर, ती उजवी नव्हतीच, तर मग तुम्ही इतकी वर्षं तिला शोधत होतात? ताईंच्या यादीत सहा वर्षं 'दिसली नाही' असं आहे."

त्याने वर फोटोकडे बघितलं. गुडघे धरून बसलेले, कड्यावरचा वारा अंगावर घेणारे तात्या त्याला स्वच्छ दिसले. शाई अजून वाळली नव्हती, ती त्याच्या अंगठ्याला लागली होती.

"हो," तो म्हणाला. "सहा हिवाळे शोधलं आम्ही तिला, मी आणि तात्यांनी. नाही सापडली. बरं झालं."